औदुंबरचा निश्चय

लातुरात शिकवणी वर्गांच्या भागात वसतिगृहाच्या कुठल्याही खोलीत डोकावलं, तर पलंगाच्या उशाशी एक वेळापत्रक चिकटवलेलं दिसतं. पहाटे साडेचारपासून रात्री अकरापर्यंतच्या चौकटी, त्याखाली ‘नीट’मध्ये मिळवायचे गुण मोठ्या अक्षरांत. मोबाइल गावी ठेवून आलेला, नाहीतर आईच्या ताब्यात दिलेला. हातात असलाच, तर बटणांचा साधा फोन. सिनेमा नाही, क्रिकेट नाही, दोन वर्षं मित्रांकडे जाणं नाही. सतरा वर्षांच्या पोरानं केलेला हा निश्चय खरा असतो. त्याच्यामागे बापाची विकलेली सोयाबीन असते, म्हणून तो आणखीच खरा असतो.

हा निश्चय मला आधी कुठंतरी भेटला होता. कुठं, ते आठवायला वेळ लागला. १९३८ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सनं काढलेल्या ‘ब्रह्मचारी’ या चित्रपटात तो होता. त्याचा नायक औदुंबर हा चारचौघांसारखा तरुण. एक दिवस देशभक्ती आणि ब्रह्मचर्य यांवरचं तडाखेबंद भाषण तो ऐकतो आणि पेटून उठतो. जमवलेली सिनेतारकांची चित्रं फेकून देतो, आजन्म ब्रह्मचारी राहण्याची शपथ घेतो आणि अशाच शपथवाल्यांच्या संस्थेत दाखल होतो. पुढे किशोरी नावाची मुलगी त्याच्या आयुष्यात येते, आणि शपथ आणि माणूस यांची जी ओढाताण सुरू होते, तोच चित्रपट. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. औदुंबर विनायकांनी स्वतः केला आणि किशोरी मीनाक्षी शिरोडकरांनी.

मीनाक्षीबाई पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरून गातात, त्या प्रसंगानं तेव्हा केवढा गहजब झाला हे घरोघरी सांगितलं जातं. त्या एका गाण्यापलीकडे चित्रपटात काय आहे, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. आपल्या बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातली ही उपहासाची शाखा अशीच एकेका गाण्यापुरती, एकेका नावापुरती उरली आहे. ‘संत तुकाराम’ आपल्याला माहीत आहे, ‘कुंकू’ माहीत आहे. ‘धर्मवीर’, ‘प्रेमवीर’, ‘ब्रँडीची बाटली’, ‘लग्न पहावं करून’, ‘सरकारी पाहुणे’ ही नावं नांदेडच्या एखाद्या महाविद्यालयात मराठीच्या वर्गात विचारली, तर दोन-तीन हात वर होतील. त्यातलेही निम्मे अंदाजानं.

या चित्रपटांची गोडी कशात आहे, ते मला सांगायचं आहे. त्यासाठी आधी आवाजाबद्दल थोडं.

भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत लागला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३२ मध्ये, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी पडद्यावर बोलू लागली. मूकपटात कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवत. तो सावकाश फिरवला की पडद्यावर माणसं धावपळ करताना दिसत, आणि हसवण्याचं निम्मं काम तिथंच होई. आवाज आला तसा फिल्मचा वेग बांधला गेला, सेकंदाला २४ चित्रं. वेग बदलला तर आवाज चिरका किंवा घोगरा होणार. त्यात मायक्रोफोन एका जागी लपवलेला, आणि कॅमेऱ्याची घरघर त्यात शिरू नये म्हणून कॅमेरा पेटीत किंवा जाड आवरणात कोंडलेला. नटानं मायक्रोफोनपासून चार पावलं दूर जायची सोय नव्हती. पाठलाग, आपटाआपटी, उड्या हे सगळं एकदम अवघड झालं. राहिलं काय, तर उभं राहून बोलणं.

जगभरच्या पुष्कळ दिग्दर्शकांना ही बेडी वाटली. आपल्याकडच्या विनोदकारांना मात्र तीच सोयीची ठरली, कारण उभं राहून बोलण्यातून हसवायची विद्या आपल्याकडे फार जुनी. तमाशात वग सुरू होण्याआधीची बतावणी आठवा. सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार समोरासमोर उभे राहतात आणि नुसत्या शब्दांवर पाटील, सावकार, फौजदार, प्रसंगी राजा, सगळ्यांची भंबेरी उडवतात. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांच्या बाजाराइतकीच गर्दी तमाशाच्या फडांना होते, ती या शब्दांसाठीही असते. मूकपटाला बतावणी करताच येत नव्हती. बोलपटाला ती पहिल्या दिवसापासून करता आली. म्हणूनच हे चित्रपट ‘नाटकी’ वाटतात ही तक्रार मला मान्य नाही. तांत्रिक अडचणीनं जी चौकट दिली, तिच्यात बसणारी कला आपल्याकडे तयार होती आणि तिला माणसंही मिळाली.

माणसं मिळाली त्याचं कारण दुःखाचं आहे. बोलपटानं संगीत नाटक मंडळ्यांचं कंबरडं मोडलं. गंधर्व नाटक मंडळी, बलवंत संगीत मंडळी यांसारख्या नामांकित संस्था १९३५ च्या आगेमागे मोडकळीला आल्या. पल्लेदार वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणारे नट सिनेमाकडे वळले, आणि त्यांच्या पाठोपाठ लेखकही. १९३६ मध्ये बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी कोल्हापुरात हंस पिक्चर्स काढली, तेव्हा तिनं पहिल्या ‘छाया’ या चित्रपटासाठी वि. स. खांडेकरांना लिहितं केलं आणि पुढे अत्र्यांना. अत्रे तोपर्यंत ‘झेंडूची फुले’मुळे विडंबनकार म्हणून गाजले होते. ‘साष्टांग नमस्कार’ या १९३३ च्या नाटकात त्यांनी एकेका खुळाचा छंद लागलेल्या माणसांची एक अख्खी चाळच उभी केली होती. व्यायामाचं खूळ, कवितेचं खूळ, ज्योतिषाचं खूळ. एखादी चांगली गोष्ट माणसाच्या डोक्यात गेली की ती कशी हास्यास्पद होते, हा अत्र्यांचा कायमचा विषय. ‘ब्रह्मचारी’ ही त्याच ओळीतली कथा आहे.

आता १९३८ हे साल मराठवाड्यातून पाहू. इथंच हा चित्रपट माझ्यासाठी नुसता गमतीचा राहत नाही.

त्या वर्षी नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता आणि लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक व्यापारी गाव. लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. संस्थानात सभा घ्यायची तर परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ हे त्या हुकमाचं नाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. राजकीय सभेला वाव नव्हता, म्हणून ग्रंथालयं, शाळा, साहित्य संमेलनं, व्यायामशाळा यांच्या आडून माणसं जमत. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला झालं आणि दुसरं १९३८ मध्ये लातूरला. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती नीट स्थापन होण्याआधीच बंदी आली. उस्मानिया विद्यापीठातल्या मुलांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकलं, तेही त्याच वर्षाच्या अखेरीस. उदगीर, निलंगा, लातूर या पट्ट्यात आर्य समाजाचं काम जोरात होतं. उदगीरचे भाई श्यामलाल डिसेंबरात बीदरच्या तुरुंगात वारले. या सगळ्या हालचालींच्या मध्यभागी पुढे जे उभे राहिले, ते स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईत शिकवणारे, अंगावर भगवी वस्त्रं घेतलेले, अविवाहित.

म्हणजे ज्या वर्षी कोल्हापुरात ब्रह्मचर्याच्या शपथेवर हसणारा चित्रपट तयार होत होता, त्या वर्षी आमच्या भागात ब्रह्मचर्य, व्यायाम, त्याग आणि देशकार्य या चार गोष्टी हातात हात घालून चालल्या होत्या, आणि त्यासाठी माणसं तुरुंगात मरत होती. मग औदुंबरवर आपण हसायचं कसं? ‘ब्रह्मचारी’ पहिल्यांदा पाहताना हा प्रश्न मला खरोखर टोचला होता. दुसऱ्यांदा पाहिल्यावर उलगडा झाला. अत्रे आणि विनायक यांचा रोख व्रतावर नाही. तो आहे भाषण ऐकून एका संध्याकाळी घेतलेल्या व्रतावर. ज्याला हैदराबादच्या तुरुंगाची वाट दिसत होती, त्याचा त्याग हळूहळू पिकलेला होता. औदुंबरचा त्याग टाळ्यांच्या कडकडाटात जन्मलेला आहे. त्याला देशासाठी काय करायचं ते ठाऊक नाही, फक्त काय सोडायचं ते ठाऊक आहे. सोडण्याच्या यादीला तो कार्य समजतो. संस्थेतले त्याचे वडीलधारेही तेच समजतात, आणि त्यांच्यातल्या काहींना तर ते पाळताही येत नाही.

चित्रपटाचं मोठेपण असं की औदुंबरवर हसताना त्याचा तिटकारा येत नाही. विनायक दिसायला देखणे, हसू निरागस. नायकाची शपथ मोडते तेव्हा प्रेक्षकाला तो हरला असं वाटत नाही, सुटला असं वाटतं. ज्यांच्यावर चित्रपट हसतो ती माणसं देशप्रेमी आहेत, म्हणजे चित्रपट काढणाऱ्यांच्याच बाजूची आहेत. परक्या सत्तेवर हसणं त्या काळात धोक्याचं होतं खरं, पण लोकांच्या टाळ्या तिथं नक्की होत्या. आपल्याच पक्षातल्या उत्साहावर हसायचं तर टाळ्यांचीही खात्री नसते. ते त्यांनी केलं, आणि प्रेमानं केलं. लातूरच्या त्या खोलीतल्या मुलाला मी हा चित्रपट दाखवू इच्छितो तो याच कारणासाठी. त्याच्या निश्चयाची टर उडावी म्हणून नाही. वेळापत्रकाच्या भिंतीमागे जो मुलगा आहे, त्याच्याकडे कुणी तरी ममतेनं पाहिलंय, एवढं त्याला दिसावं म्हणून.

परक्या सत्तेवर हसणं धोक्याचं होतं म्हटलं, त्याचा एक दाखला आमच्या पैठणचाच आहे. प्रभातनं १९३५ मध्ये संत एकनाथांवर चित्रपट काढला. व्ही. शांताराम दिग्दर्शक, बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत. नाव ठेवलं होतं ‘महात्मा’. सेन्सॉरला त्यात गांधीजींचा वास आला आणि नाव बदलून ‘धर्मात्मा’ करावं लागलं. चारशे वर्षांपूर्वीच्या संताच्या नावावरून जिथं सरकार दचकतं, तिथं कलेक्टरावर किंवा पोलिसावर विनोद कुठून येणार? म्हणून उपहासानं घरातली, गल्लीतली, संस्थेतली माणसं धरली. ही वाट एकनाथांनीच घालून दिलेली आहे, हेही इथं नोंदवावंसं वाटतं. भारुडात सांगणारा आधी स्वतः सोंग घेतो. तो जोशी होतो, वेडी होतो, विंचू चावलेला होतो. दुसऱ्याला हसण्याआधी तो स्वतः हास्यास्पद होऊन उभा राहतो. मराठवाड्याच्या बाजारातून फिरणारे रायरंदही हेच करत. विनायकांसारखा देखणा नट औदुंबर होऊन स्वतःवर हसवून घेतो, तेव्हा ती रीत मला ओळखीची वाटते.

विनोदी लेखक चिं. वि. जोशी यांची रीत थोडी निराळी. ते पाली भाषेचे पंडित, बडोद्याला प्राध्यापक. म्हणजे तेही संस्थानी प्रजाजन, मात्र गायकवाडांचे. त्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आधी मासिकांतून आणि ‘चिमणरावाचे चऱ्हाट’सारख्या पुस्तकांतून घराघरांत पोचले होते. १९४० मध्ये नवयुग चित्रपट संस्थेसाठी विनायकांनी ‘लग्न पहावं करून’ काढला. चिमणराव झाले दामुअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ झाले विष्णुपंत जोग. दोनच वर्षांनी तीच जोडी ‘सरकारी पाहुणे’मध्ये परत आली. माझ्या पिढीला चिमणराव म्हटलं की दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ म्हटलं की बाळ कर्वे आठवतात, ते त्यामानानं कितीतरी नंतरचे.

दामुअण्णांचे डोळे तिरळे होते. ते बोलत असताना कुणाकडे पाहतायत हे समोरच्याला कळायचं नाही, आणि या एका गोष्टीचा त्यांनी अभिनयात असा वापर केला की तो व्यंगाचा विनोद राहिलाच नाही. मध्यमवर्गीय कारकुनाची जी कायमची अवस्था असते, एक डोळा साहेबाकडे आणि एक घराकडे, ती त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेली दिसते. जोग दणकट, आवाज खणखणीत, प्रत्येक प्रश्नाला मनगटाचं उत्तर देणारे. हा जोडीचा विनोद परदेशातही होता, जाड्या आणि रड्या या नावांनी आपण त्यांतलीच एक जोडी ओळखतो. चिमणराव आणि गुंड्याभाऊ मात्र नुसते धडपडत नाहीत, ते समाजाच्या एका ठरावीक दारावर जाऊन आदळतात. ‘लग्न पहावं करून’मध्ये ते दार लग्नाच्या बाजाराचं आहे. बहीण उजवायची आहे. मुलगी दाखवणं, पत्रिका, हुंडा, मानपान, मध्यस्थांची गोड भाषा. भावाच्या पायांतल्या वहाणा झिजतात.

हा चित्रपट आज नांदेड-लातूरच्या गावात लावला तर काय होईल, याची मला फार उत्सुकता आहे. कारण इथं चित्र उलटं फिरलंय. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. तीस-पस्तिशीची पोरं घरोघर बसलेली आहेत, आणि वहाणा झिजवतायत ती मुलाकडची माणसं. नोकरी आहे का, शहरात घर आहे का, हे प्रश्न आता मुलीचा बाप विचारतो. पण मध्यस्थ तेच, गोड भाषा तीच, आणि माणसाला बाजारात उभं केल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात तेही तेच. उलट्या बाजूनं पाहणाऱ्या प्रेक्षकाला चिमणरावाचं अवघडलेपण अधिक झोंबेल, असं मला वाटतं.

सगळेच चित्रपट असे टिकलेले नाहीत, हेही सांगायला हवं. अत्रे-विनायकांचाच ‘अर्धांगी’ १९४० चा. त्यात हसण्याचा रोख शिकलेल्या, आधुनिक बाईवर आहे आणि कौतुक घरातल्या सोशीक पत्नीचं. आज तो पाहताना हसू ओठांवर येऊन थांबतं. उपहास नेहमी पुढारलेल्या बाजूचाच असतो, ही समजूत असे चित्रपट मोडतात. ‘ब्रह्मचारी’च्या लेखकानं दोन वर्षांत ‘अर्धांगी’ लिहावा हे मला खटकतं, आणि म्हणूनच दोन्ही एकापाठोपाठ पाहावेत असं मी सांगेन. ज्या काळानं मीनाक्षीबाईंना पाण्यात उतरवलं, तोच काळ लीला चिटणीसांच्या व्यक्तिरेखेला शिकल्याबद्दल टोमणे मारत होता.

‘ब्रँडीची बाटली’ या दोघांच्या मधला, १९३९ चा. मुंबई शहरात काँग्रेस सरकारनं दारूबंदी आणली ती त्याच वर्षी, १ ऑगस्टला. नगरपालिकेतला एक भाबडा कारकून, ज्याला ब्रँडी म्हणजे काय हेच माहीत नाही, त्याच्यावर औषधासाठी ब्रँडी आणायची वेळ येते. पुन्हा दामुअण्णा. विषय वर्तमानपत्रातला, पण माणूस कायमचा.

बाहेरच्या जगात याच वर्षांत काय चाललं होतं, ते पाहिलं की आपल्या चित्रपटांचा वेगळेपणा कळतो. फ्रान्समध्ये रने क्लेअरनं १९३१ मध्ये ग्रामोफोनच्या कारखान्याची तुलना थेट तुरुंगाशी करणारा संगीतमय उपहासपट काढला. पुढे चॅप्लिनच्या ‘मॉडर्न टाइम्स’नं त्यातून उचललं, असं म्हणत क्लेअरच्या निर्मात्यांनी खटला भरला, पण क्लेअरनं स्वतः त्यात पडायला नकार दिला. अमेरिकेत १९३२ मध्ये ‘मिलियन डॉलर लेग्ज’ आला. त्यातल्या काल्पनिक देशात जो पंजा लढवण्यात सगळ्यांना हरवतो, तो राष्ट्राध्यक्ष. १९३३ मध्ये मार्क्स बंधूंच्या ‘डक सूप’मध्ये एक वेडा माणूस देशाचा प्रमुख होतो आणि क्षुल्लक अपमानावरून युद्ध सुरू करतो. अमेरिकेतले हे दोन्ही चित्रपट काल्पनिक राष्ट्र रचून त्यावर हसतात. मराठी विनोदकारांनी राष्ट्र रचलं नाही, त्यांनी चाळ रचली, संस्था रचली, लग्नघर रचलं. गुलाम देशातल्या लेखकाला राष्ट्राध्यक्षावर हसण्याची चैन नव्हती. पण त्यामुळेच आपल्याकडचा उपहास अंगाला जास्त जवळून लागतो. ‘माणूस’ या १९३९ च्या गंभीर चित्रपटातसुद्धा शांतारामांनी बॉम्बे टॉकीजच्या धाटणीच्या गोड प्रेमप्रसंगाची नक्कल करून घेतली, म्हणजे शेजारच्या स्टुडिओलाही सोडलं नाही.

पहिल्यांदा असा चित्रपट पाहायला बसणाऱ्याला दोन गोष्टी जड जातात. एक म्हणजे आवाज. त्यात सतत खरखर असते, आणि कान तिला सरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढी द्यावीत. दुसरी म्हणजे संदर्भ. उपहास हा त्या दिवसाच्या वर्तमानपत्राच्या आधारानं उभा असतो. ज्या पुढाऱ्याच्या बोलण्याच्या लकबीवर तेव्हा चित्रपटगृह कोसळत होतं, तो पुढारी आज कुणाला माहीत नाही. अशा जागा अंधाऱ्या राहतात. पण मला या अंधाऱ्या जागाच ओढ लावतात. एखादं वाक्य येतं, नट क्षणभर थांबतो, हशासाठी जागा सोडतो, आणि आपण हसत नाही. त्या रिकाम्या क्षणात १९३८ चं भरलेलं चित्रपटगृह ऐकू येतं. मग शोध सुरू होतो. हा का थांबला? कुणाचं बोलणं होतं हे? एका थांबण्याचा अर्थ लावताना त्या वर्षाचं राजकारण, शिक्षण, कपडे, खाणं, सगळं वाचून होतं.

हे चित्रपट अनोळखी का झाले, त्याचं मोठं कारण मात्र आपलं विसरणं नाही, रसायन आहे. १९५० च्या सुमारापर्यंत फिल्म नायट्रेटच्या पायावर बनत असे. नायट्रेट भडकन पेटतं, आणि नाही पेटलं तर आपोआप कुजतं. आधी चिकट होतं, मग फुगतं, शेवटी डब्यात तांबूस भुकटी राहते. शिवाय फिल्मवर चांदी असते. चालून झालेल्या प्रती चांदी काढण्यासाठी वजनावर विकल्या जात. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं ते १९६४ मध्ये. तोवर पहिल्या पिढीतलं बरंचसं गेलेलं होतं. संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी गावोगावच्या गोदामांतून, वितरकांच्या वारसांकडून डबे गोळा केले म्हणून जे उरलं ते उरलं. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच संग्रहालयाच्या साठ्याला आग लागली आणि नायट्रेटचे आणखी पुष्कळ डबे गेले.

आमच्या भागाचं या साखळीतलं स्थान रेल्वेच्या नकाशावर दिसतं. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी १९११ मध्ये आली. १९२७ पर्यंत तीच लाइन पंढरपूरमार्गे मिरजेला भिडली, आणि मिरजेपासून कोल्हापूर दूर नाही. म्हणजे हंस पिक्चर्सच्या दारापासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत रुळांची वाट होती, लहानशी आणि हळू का असेना. नांदेड मात्र मनमाड-हैदराबाद या मीटरगेजवर, तोंड हैदराबादकडे. तिथला वारा उर्दूचा. पण तिथल्या प्रेक्षकासाठीही सोय होती: ‘ब्रह्मचारी’, ‘धर्मवीर’, ‘ब्रँडीची बाटली’ हे चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत वेगवेगळे चित्रित झाले. एकाच सेटवर, आधी एक भाषा, मग दुसरी. फिल्मच्या पत्र्याच्या पेट्या गाडीच्या डब्यातून येत, पुढे बैलगाडीनं जत्रेच्या तंबूपर्यंत जात. हजार फुटांचं एक रीळ म्हणजे अकरा मिनिटं. रीळ बदलताना तंबूत दिवा लागे.

पेट्या परत जात, पण एक वस्तू गावात राहायची. गाण्यांची पुस्तिका. चार-आठ पानांची, पातळ कागदाची, तिकिटाच्या खिडकीजवळ विकली जाणारी. तिच्यावर नटांची नावं, कथेचा सारांश, सगळी गाणी. जे चित्रपट पूर्ण नष्ट झाले, त्यांच्याबद्दल आज जे काही कळतं ते पुष्कळदा अशाच पुस्तिकांवरून. नांदेडच्या जुन्या वाड्यांत, देगलूर, उदगीर, औसा, निलंग्याच्या माळ्यांवर, आजीच्या ट्रंकेत लग्नपत्रिका आणि पंचांगांच्या खाली त्या अजून असणार, असं मला मनापासून वाटतं. सापडली तर तिला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. सपाट ठेवा, दोन कोऱ्या कागदांमध्ये. प्रत्येक पानाचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा, कव्हरावरचा छापखान्याचा पत्ताही सोडू नका. सिनेमाच्या कुणा जुन्या ऑपरेटरच्या घरी गोल पत्र्याचा डबा निघाला आणि उघडताच आंबूस, तिखट वास आला, तर तो बंद करून थंड, हवेशीर जागी, चुलीपासून लांब ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.

पुस्तिकेतला सारांश वाचताना एक गोष्ट ध्यानात येईल. तो बहुतेक वेळा पूर्ण नसतो. नायक संकटात सापडलेला असतो, नायिका निघून गेलेली असते, आणि तिथं मजकूर थांबतो. शेवटच्या ओळीत वाचकाला सांगितलेलं असतं की पुढे काय होतं ते पडद्यावर पाहा.